अपघातानंतर भरपाईचा दावा: नाशिकमध्ये चार वर्षं एक फाईल सांभाळताना जे कळलं ते

माझा चुलत भाऊ निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये छाटणीला जायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये, ऐन हंगामात, संध्याकाळी काम उरकून पिंपळगाव बसवंतहून ओझरकडे मोटारसायकलवर येताना आग्रा रोडवर एका पिकअपने त्याला मागून उडवलं. उजवा खांदा मोडला. रस्त्यावरच्या दोघांनी त्याला उचलून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. काय झालं असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आणणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "गाडीवरून पडलाय." केस पेपरवर तेवढंच उतरलं: गाडीवरून पडून जखम.

या तीन शब्दांनी आम्हाला पुढे दीड वर्ष छळलं. विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. हा तर स्वतः घसरून पडला, पिकअपचा संबंध काय? धडक मागून बसली हे सिद्ध करायला आम्हाला चहाच्या टपरीवाल्याला साक्षीला आणावं लागलं, पिकअपच्या मोडलेल्या बंपरचा पंचनामा दाखवावा लागला आणि शेवटी त्या डॉक्टरांनाच कोर्टात बोलवावं लागलं. त्यांनी सरळ सांगितलं की आणणाऱ्याने जे सांगितलं ते मी लिहिलं, पेशंट बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

मी वकील नाही. भावाची फाईल मात्र मी चार वर्षं सांभाळली, प्रत्येक तारखेला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात गेलो. तिथे भेटलेली कित्येक कुटुंबं आमच्यासारखीच पहिल्या आठवड्यातल्या चुकांमुळे अडकलेली होती. भरपाई नुसत्या जखमेवर ठरत नाही, त्या जखमेने हिरावलेल्या कामावर ठरते, आणि ते काम कागदावर दिसावं लागतं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिले दोन दिवस

आधी माणूस वाचला पाहिजे. ११२ किंवा १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरही मदत मिळते. मे २०२५ पासून केंद्र सरकारची विनारोकड उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात पैसे न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच "अपघाताची केस आहे, योजनेत घ्या" असं स्पष्ट सांगा. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिलं आहे. त्याचा फोन नंबर मात्र घेऊन ठेवा, तो उद्या तुमचा साक्षीदार असू शकतो.

मग केस पेपर. माणूस शुद्धीवर आला की घरच्या एकाने तो कागद हातात घेऊन वाचायचा. त्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि "अमुक नंबरच्या वाहनाने धडक दिली" असं असलं पाहिजे. नंबर माहीत नसेल तर "अज्ञात वाहनाची धडक". चुकीचं लिहिलं असेल तर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय वाढतो. रुग्णालयाला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोचेची सही घ्या आणि योग्य माहिती वेगळी नोंदवून घ्या. आम्ही हे केलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. रुग्णालयाने वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करून पोलिसांना कळवलं का, हेही विचारा.

घरातला दुसरा माणूस त्याच वेळी घटनास्थळी हवा. दोन्ही गाड्या हलवण्याआधीचे फोटो, नंबर प्लेट, टायरच्या घासण्याच्या खुणा, काचांचा सडा, रस्ता कुठून कुठे वळतो ते सगळं टिपा. आजूबाजूच्या पेट्रोल पंपांवर, ढाब्यांवर, दुकानांत कॅमेरे आहेत का ते बघा. बहुतेक ठिकाणचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे पोलिसांना ते ताब्यात घेण्यासाठी लेखी विनंती लगेच द्या. समोरच्या गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाकून विम्याची मुदत तपासा.

पोलिसांकडचे कागद

नाशिकमध्ये पहिला गोंधळ हद्दीचा होतो. शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे. महामार्गावर अपघात झाला आणि माणूस शहरात दाखल झाला की दोन ठाण्यांमध्ये फेऱ्या सुरू होतात. घाबरू नका. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य हद्दीत वर्ग होतो. उपचारांमुळे फिर्यादीला उशीर झाला तर कोर्ट ते समजून घेतं, फक्त उशिराचं कारण फिर्यादीतच लिहिलेलं हवं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यूसाठी १०६ ही कलमं साधारणपणे लागतात. हा फौजदारी खटला सरकार चालवतं आणि त्यात चालकाला शिक्षा होते. भरपाईचा दावा वेगळा असतो, तो तुम्हालाच करावा लागतो. कितीतरी लोक "केस चालू आहे ना" म्हणून निवांत राहतात आणि भरपाईचा अर्ज करतच नाहीत. चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. इथे तुमचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दाखवणं पुरतं, शिक्षेसाठी लागतो तसा कडक पुरावा लागत नाही.

ठाण्यातून मिळवायचे कागद: एफआयआरची प्रत, घटनास्थळ पंचनामा आणि त्यातला कच्चा नकाशा, गाड्यांच्या तपासणीचा आरटीओ अहवाल, चालकाचा परवाना, आरसी बुक, विमा पॉलिसीची प्रत, साक्षीदारांचे जबाब आणि शेवटी दोषारोपपत्र. पंचनामा वाचल्याशिवाय सोडू नका. रस्त्याची रुंदी, गाडी कोणत्या कडेला सापडली, धडक पुढून की मागून, यावर पुढचा सगळा वाद उभा राहतो.

एप्रिल २०२२ पासून यात मोठा बदल झाला आहे. आमच्या वेळी हे नियम नव्हते. आता अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला (भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल. जखमीच्या किंवा वारसांच्या हक्कांची माहितीही पोलिसांनी लेखी द्यायची असते. तुमच्याकडून नमुना ६ भरून घेतला जातो. त्यात वय, उत्पन्न, घरातली माणसं, उपचार आणि बँक खातं असं सगळं असतं. घाईत तो भरू नका. तिथे लिहिलेलं उत्पन्न आणि पुढे दाव्यात लिहिलेलं उत्पन्न जुळलं नाही तर उलटतपासणीत तेच धरतात. तपासी अंमलदाराला दर पंधरा दिवसांनी नम्रपणे, पण लेखी विचारत राहा.

याच काळात समोरच्या गाडीचा मालक घरी येतो. सोबत गावातलं कुणीतरी वजनदार माणूस असतं. "कोर्टकचेरीत काय मिळणार, बाहेरच्या बाहेर मिटवून टाकू, हे घ्या वीस हजार." मग शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "आमची काही तक्रार नाही" अशी सही. तुमचा माणूस तेव्हा आयसीयूत असतो, हातात पैसे नसतात, मोह होतो. तो कागद पुढे तुमच्याच विरोधात उभा राहतो. दवाखान्यासाठी कुणी मदत दिली तर घ्या, पण पावतीवर फक्त "उपचारासाठी मदत" लिहा.

सहा महिन्यांची मुदत

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून दाव्याचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करण्याची अट लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि मुदतीच्या मुद्द्यावर दिलासा देणारे आदेशही झाले आहेत. त्यावर विसंबून राहू नका. कॅलेंडरवर अपघाताची तारीख लिहा आणि त्यापुढे पाच महिन्यांवर लाल खूण करा. मुदत उलटून गेली असली तरी आशा सोडू नका, पण मग एक दिवसही न घालवता वकिलाला भेटा.

आपली केस कोणत्या वाटेने जाते

समोरच्या चालकाची चूक आहे आणि गाडीचा नंबर माहीत आहे, तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. पूर्ण भरपाई याच वाटेने मिळते, पण चूक सिद्ध करावी लागते. चूक कोणाची यात न पडता ठरलेली रक्कम हवी असेल तर कलम १६४: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पुरावा कच्चा असेल किंवा चुकीबद्दल वाद असेल तर ही वाट बरी. कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर अडीच लाखांत भागत नाही, तिथे १६६ च धरावं असं माझं मत आहे.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर दावा न्यायाधिकरणात जात नाही. २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयात, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. ते चौकशी करून अहवाल पाठवतात आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची असते. हाड मोडलं तर ते कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पुढे गाडी सापडली आणि दुसरी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते. ही योजना खेड्यापाड्यांत फार कमी लोकांना ठाऊक आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडच्या रस्त्यांवर रात्री पायी चालणाऱ्यांना उडवून गाड्या निघून जातात, त्यांच्या घरच्यांपर्यंत हे पोचायला हवं.

कामावर असताना अपघात झाला, उदाहरणार्थ सातपूर किंवा अंबडच्या कंपनीची गाडी चालवताना, तर कर्मचारी भरपाई कायदा १९२३ ची वाटही खुली असते. दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावी लागते. स्वतःच्या चुकीने स्वतःच्याच गाडीवरून पडलात तर १६६ चा दावा होत नाही. तिथे पॉलिसीत मालक-चालकासाठी घेतलेलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघा. एसटीने धडक दिली तर विमा कंपनी शोधत बसू नका, दावा महामंडळावरच करायचा असतो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे अपघात झाला असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आणि त्यासाठी समित्या नेमण्याचा आदेश दिला आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी मुरूम पडलेला असतो.

पिकअप आणि ट्रॉलीत बसणाऱ्यांसाठी

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं इथेच उघडी पडतात.

थिनिंगच्या (द्राक्षघड विरळ करण्याच्या), छाटणीच्या दिवसांत पहाटे मजुरांनी खच्चून भरलेले पिकअप निघतात. सप्तशृंगी गडाच्या यात्रेला टेम्पो जातात, लग्नाचं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतं. जानेवारी २०२५ मध्ये निफाडकडून परतणारा तरुणांचा टेम्पो द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर आदळला, तो प्रसंग नाशिककर विसरलेले नाहीत. मालवाहू गाडीच्या विम्यात मागे बसलेली प्रवासी माणसं धरलेली नसतात. कंपनी हात वर करते आणि मालकाकडे पैसे नसतात.

तरी वाटा आहेत. माल घेऊन निघालेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस विम्यात येतो. स्वतःचा कांदा घेऊन लासलगावला निघालेला शेतकरी जखमी झाला तर तो माल त्याचाच होता हे दाखवणारी बाजार समितीची पावती जपा, एफआयआरमध्येही तसं लिहून घ्या. दुसऱ्या गाडीचीही चूक असेल तर तिच्या मालकाला आणि विमा कंपनीलाही सामनेवाले (ज्यांच्यावर दावा असतो ते) करा. दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. काही प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला "आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा" असंही सांगतं. चालकाकडे योग्य परवाना नसला की असे आदेश बऱ्याचदा होतात.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यांचंही लक्षात घ्या. ज्या गाडीवर बसलात तिच्याच चालकाची चूक असेल आणि तिला फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मागचा माणूस त्यात येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणाऱ्या विम्यात, येतो. दुचाकीचा विमा काढताना वाचवलेले थोडे पैसे इथे महागात पडतात.

दावा कुठे आणि कोणावर

अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा चालतो. कसारा घाटात अपघात झाला आणि तुम्ही सिडकोत राहता, तर ठाणे जिल्ह्यात हेलपाटे घालायची गरज नाही, नाशिकलाच अर्ज करा. सामनेवाले साधारण तीन: चालक, मालक आणि विमा कंपनी. गाडी अपघाताआधी विकली असेल, तरी आरसीवर नाव असलेल्या मालकाला सोडू नका.

वकील निवडताना रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणाऱ्यांपासून लांब राहा. "फी काही नको, निकालातले तीस टक्के द्या" असं कुणी म्हटलं, तर बार कौन्सिलच्या नियमांत असा वाटा घ्यायला मनाई आहे हे लक्षात असू द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पैसे मोजतात कसे

उपचाराचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, पुढे होणारं कमाईचं नुकसान, पुढचे उपचार, वेदना आणि त्रास, जगण्यातल्या साध्या सुखांना मुकणं, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, प्रवास, विशेष आहार. प्रत्येकासाठी वेगळी पावती किंवा वेगळी साक्ष लागते. मूळ बिलं प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तारखेनुसार लावा आणि झेरॉक्स आजच काढा, कारण औषधाच्या दुकानाची थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात. मेडिक्लेममधून बिल मिळालं असेल तर ते भरपाईतून कापता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे जाण्याआधी रुग्णालयाकडून शिक्का मारलेल्या प्रती घेऊन ठेवा.

सगळ्यात मोठी रक्कम असते ती पुढच्या कमाईची. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरवून दिले: १५ ते २५ वयासाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५, मग १४, १३ असे उतरत ६५ च्या पुढे ५. ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातल्या वाढीची भर ठरवली. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेल्यांसाठी चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० साठी २५ आणि ५० ते ६० साठी १०. कायम नोकरीवाल्यांसाठी हीच भर ५०, ३० आणि १५ टक्के. मृत्यूच्या दाव्यांसाठी झालेली ही भर अपंगत्वाच्या दाव्यांतही धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

भावाचे आकडे गोल करून मांडतो. वय ३४, महिन्याची कमाई १५,०००. वर्षाचे १,८०,०००. त्यात ४० टक्के भर, म्हणजे २,५२,०००. गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. आता याला अपंगत्वाची टक्केवारी लावायची, आणि खरा झगडा इथेच होतो.

त्याच्या दाखल्यावर होतं २२ टक्के. तेवढंच धरलं असतं तर ८,८७,०४०. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो, हे बघायचं. आमच्या वकीलबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "हात खांद्याच्या वर किती जातो?" डॉक्टर म्हणाले, "खांद्याच्या पातळीपर्यंत जातो. त्यावर न्यायला दुसऱ्या हाताचा आधार लागतो." मग टोळीचा मुकादम साक्षीला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, छाटणी कशी करतात? त्याने पिंजऱ्यातच दोन्ही हात डोक्याच्या वर धरले, उजव्या मुठीने कात्री चालवून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, मांडव डोक्यावर असतो. सकाळी आठपासून हात असेच." कोर्टाने कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं. हिशेब झाला १६,१२,८००. सात लाखांहून जास्त फरक त्या एका साक्षीने पडला.

म्हणून दाखला आणा, पण सोबत काम समजावून सांगणारा माणूसही आणा. दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचा असावा आणि डॉक्टर साक्षीला येतील याची खात्री करा. कुठूनतरी पैसे देऊन आणलेल्या तयार दाखल्यांबद्दल त्याच निकालात न्यायाधिकरणांना सावध केलेलं आहे.

उत्पन्नाचा पुरावा हाही आपल्याकडे अवघड मामला. पगारदाराकडे स्लिप असते, मजुराकडे काय? भावाच्या बाबतीत मुकादमाची वही कामी आली: तारीख, बागवाल्याचं नाव, एकर, प्रत्येकाची उचल. रिक्षावाल्याने बॅज आणि परमिट द्यावं, भाजीवाल्याने बाजार समितीच्या पावत्या, दुकानदाराने विवरणपत्रं, बाकीच्यांनी फोन पे-गुगल पेचे जमा झालेले व्यवहार. काहीच नसेल तर कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं, पण ते सहसा खऱ्यापेक्षा कमी असतं. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. "ती घरीच असते" असं लिहून दावा कमकुवत करू नका.

मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. अविवाहित असेल तर सहसा निम्मा, घरात दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. साहचर्य, म्हणजे मृताची साथ, गमावल्याचे ४० हजार आणि अंत्यविधी व मालमत्तेच्या नुकसानीचे प्रत्येकी १५ हजार हे २०१७ चे आकडे, दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ.

साक्ष, तडजोड आणि निकाल

उलटतपासणीत तुम्हाला हमखास विचारतील: हेल्मेट होतं का? वेग किती होता? परवाना होता का? खरं सांगा. तुमचीही थोडी चूक ठरली तर दावा फेटाळला जात नाही, तेवढे टक्के कमी होतात. परवाना नव्हता एवढ्यावरून तुमची चूक ठरत नाही, असाही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. हेल्मेटचा प्रश्न डोक्याला मार असेल तेव्हा जास्त टोकदार होतो.

पोलिसांचा सविस्तर अहवाल आल्यावर विमा कंपनीने ३० दिवसांत तडजोडीची रक्कम सांगायची, अशी तरतूद आता आहे. शिवाय लोकअदालत असते. तिथे मिटवलं तर पैसे लवकर मिळतात, पण त्यावर अपील नाही. सही करण्याआधी वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडा. आमच्याकडे लोकअदालतीत आलेला आकडा अंतिम निकालाच्या निम्म्याहूनही कमी होता. भावाची बायको म्हणाली, "दादा, घेऊन टाकू, दोन वर्षं झाली." तिचं चुकलं नव्हतं, घर तीच चालवत होती. डॉक्टरांची साक्ष बाकी होती, म्हणून थांबलो. साक्षी कच्च्या असत्या तर मी घ्याच म्हटलं असतं.

निकालानंतर ३० दिवसांत रक्कम भरायची असते, अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं. भरली नाही तर न्यायाधिकरण वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. अपिलाची मुदत ९० दिवस. वादाची रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. मालकाने किंवा कंपनीने अपील केलं तर आधी २५ हजार किंवा निकालाच्या ५० टक्के, यांतली कमी असलेली रक्कम भरावी लागते.

सगळे पैसे एकदम हातात येतीलच असं नाही. काही भाग मुदत ठेवीत ठेवायला कोर्ट सांगतं, विशेषतः लहान मुलांचा हिस्सा. खऱ्या गरजेला, उपचारासाठी, शिक्षणासाठी, ठेव मोडायचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो. भावाने खांद्यातली प्लेट काढायच्या ऑपरेशनसाठी तो केला. अर्जासोबत डॉक्टरांचं खर्चाचं पत्र जोडलं होतं. या वेळी मात्र केस पेपर त्याने स्वतः, टेबलावर जायच्या आधी, दोनदा वाचून घेतला.